पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. माझं कडं पितळेचं, मूठ शिसवीची. वसईत नॉर्बर्टचे वडील माझ्यातून टपालाची तिकिटं न्याहाळायचे. ते गेल्यावर नॉर्बर्टच्या बॅगेतून मी कॅनडात, मिसिसागाला आलो.

नॉर्बर्ट आणि त्याची बायको जॉर्जिना दर शनिवारी क्लबात पिस्तुलाने नेमबाजी करत. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या नॉर्बर्ट घरी आणायचा. त्या पुन्हा दारू भरून वापरता येतात. पण आधी निवडाव्या लागतात. वरवर सगळ्या सारख्याच. कुठली कोणत्या पिस्तुलाची, ते बुडावरच्या बारीक अक्षरांवरून कळतं. बेसमेंटमधल्या टेबलावर ती अक्षरं मी मोठी करून दाखवायचो. काम झालं की नॉर्बर्ट मला मऊ फडक्याने पुसायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे त्याची नजर धूसर होऊ लागली. माझ्यातूनही दिसेना, तेव्हा त्याने मला खणात टाकलं. बोटांना कळतं, म्हणायचा. जॉर्जिनाने डॉक्टरचा विषय काढला, की तो गाडीच्या विंटर टायर्सबद्दल बोलू लागे.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात, एका रविवारी चर्चहून आल्यावर जॉर्जिना बेसमेंटमध्ये नॉर्बर्टजवळ आली. निवडलेल्या पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या होत्या. त्यातली एक तिला किंचित बुटकी वाटली. तिने खण उघडून मला काढलं.

"नॉर्बर्ट, ही नाइन एमएम नाही. थ्री-एटी आहे, दुसऱ्या पिस्तुलाची."

त्या आखूड पुंगळीत नाइन एमएमइतकी दारू भरली असती, तर पिस्तूल हातातच फुटलं असतं. आणि या गोळ्या जॉर्जिनाच झाडणार होती.

नॉर्बर्टने पुंगळी उजेडात फिरवून पाहिली. मग तो खाली बसला.

"मला ही अक्षरं दिसत नाहीत गं. बरेच महिने झाले."

"मग सांगायचंस ना. मी वाचली असती."

त्याने अख्खा ट्रे टेबलावर उपडा केला. मग उरलेला हिवाळाभर जॉर्जिना माझ्यातून अक्षरं वाचायची आणि तो वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. वसंतात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्याला माझी गरज नाही. तरी निवडून झालं की तो मला जॉर्जिनाच्या हातात देतो आणि म्हणतो, "एकदा तू बघ."

मित्रांनो, दिसेनासं झालं तर लपवू नका. आणि घरातलं कुणी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागलं, तर हसू नका. त्यांच्याजवळ बसा आणि वाचून दाखवा.