फोटो प्रतीकात्मक आहे

सोमवारी सकाळी काकाच्या तुकड्यात टोमॅटोची तीनशे वीस झाडं होती. आठ ओळी, ओळीला चाळीस. त्यातल्या तेवीस झाडांची पानं वाटीसारखी वर वळली होती आणि शेंडे पिवळे पडून आखडले होते. मी दोनदा मोजली, कारण काका वीसच म्हणत होता. तसा तोही चुकत नव्हता. तीन झाडं नुकती कुठं वळायला लागली होती.

पानं गुंडाळण्याचा हा रोग बरा होत नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. म्हणून आजारी झाड दिसलं की उपटायचं, पोत्यात घालायचं आणि लांब नेऊन पुरायचं. काका कित्येक वर्षं हेच करत आलाय. त्या दिवशी मात्र तो रिकामं पोतं खांद्यावर टाकून बांधावर नुसता उभा राहिला.

"उपटायचं नाही," तो म्हणाला. "बारा दिवसांत सरळ होतंय सगळं. डॉक्टरांनी टाकलंय."

डॉक्टर म्हणजे आमच्या मोबाइलवरच्या शेतीमंचाचा एक सभासद. कसला डॉक्टर, ते कुणी विचारलं नव्हतं. मंचावर आसपासच्या गावांतले दोन हजारांवर लोक आहेत आणि राखण करायला दोघंच: मी आणि गावातला वायरमन. मी पदवी घेऊन परत आले तेव्हा फावला वेळ होता म्हणून हे काम गळ्यात पडलं. पोस्ट वाचायच्या, शिवीगाळ काढायची, आणि कुणी काहीही ठोकून दिलं तर विचारायचं, किती झाडांवर, किती दिवस, न फवारलेली किती ठेवली होती. यावरून गावात माझं नाव मोजपट्टी पडलंय.

डॉक्टरांच्या पोस्टमध्ये दोन फोटो होते. पहिल्यात गुंडाळलेलं झाड, त्याखाली 'आधी'. दुसऱ्यात हिरवंगार, त्याखाली 'बारा दिवसांनी'. मधे एका पांढऱ्या पावडरीचं पाकीट. झाडं उपटू नका, उपटणारे अडाणी, असंही लिहिलं होतं. काकूनं सांगितलं की काकानं पाकीट आणूनसुद्धा ठेवलंय.

मी फोटो मोठा करून काकाच्या हातात दिला. "गाठी मोज."

टोमॅटोचं झाड वाढेल तसं त्याला सुतळीनं काठीला बांधत जायचं असतं. वीतभर वाढलं की एक गाठ. खालची कुणी सोडत नाही. काकानं बोट लावून मोजल्या. 'आधी'च्या झाडाला चार. 'बारा दिवसांनी'च्या झाडाला दोन.

"बरं झालं की झाड लहान होतं का रे?" मी विचारलं.

त्यानं फोन नाकाजवळ नेला. काकाच्या डाव्या हाताची तर्जनी कडबा कापायच्या यंत्रात गेली आहे, त्यामुळे तो गाठ उलटी मारतो. बाकीच्यांच्या सुतळीचं टोक खाली लोंबतं, त्याचं वर उभं राहतं. दोन्ही फोटोंतली सहाच्या सहा टोकं वर होती.

"ही माझी गाठ," काका म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी काकानंच ते दोन्ही फोटो मंचावर टाकले होते. आधी हिरवा, तीन आठवड्यांनी गुंडाळलेला, आणि खाली प्रश्न: हे असं कशानं झालं? तेव्हा त्याला तीन उत्तरं आली होती. डॉक्टरांनी फक्त क्रम बदलला.

काका बांधावर बसला. बराच वेळ त्यानं ढेकळं फोडली. मग म्हणाला, "फोटो चोरला असंल. पण तेवढ्यावरून औषध खोटं कशावरून?"

मला राग यायला हवा होता. पण प्रश्न बरोबर होता.

मी काकाचे जुने फोटो तारखांसकट पोस्टखाली लावले. डॉक्टरांचं एका ओळीत उत्तर आलं: फोटो प्रतीकात्मक आहे. लोकांना तेवढं पुरलं. एकानं लिहिलं, फोटोचं काय घेऊन बसलात, गुण बघा. शेजारच्या तुकड्यातल्या मावशीनं तर तोंडावर विचारलं की फवारणीच्या दुकानदारानं मला किती दिले. तिनंही झाडं उभीच ठेवली होती.

वायरमन म्हणाला, "काढून टाक ना ती पोस्ट. फ्यूज काढला की काम झालं."

मागच्या महिन्यात मी अशीच एक काढली होती. 'सत्य दाबलं' असा मथळा घेऊन ती चार ठिकाणी उगवली. म्हणून ही राहू दिली आणि खाली खुलासा चिकटवला. पुढच्या बारा दिवसांत तोच खुलासा मी एक्केचाळीस वेळा लिहिला. शेवटी शेवटी शब्दही बदलत नव्हते.

काकाशी मात्र तोडगा निघाला. तेरा झाडं त्याच दिवशी उपटायची. दहा ठेवायची, पण रोपवाटिकेची बारीक जाळी टाकून, माशी बाहेर जाणार नाही अशी. पाचांवर पावडरीचं पाणी, पाचांवर साधं. बाटल्या काकूनं भरल्या, वर क आणि ख लिहिलं, आणि कशात काय ते आम्हा दोघांनाही सांगितलं नाही. पावडर पाण्यात विरघळली की दिसत नव्हती. जाळी काकानं बांधली. टोकं वर.

रोज सकाळी फवारणी, मग उरलेल्या तुकड्यात फेरी. बारा दिवसांत नवी सहा झाडं वळली, ती दिसताच काढली.

बाराव्या दिवशी काका जाळीपुढं उकिडवा बसला. मग त्यानं क बाटलीच्या झाडांकडे बोट दाखवलं. "ह्यांच्यात थोडी तरतरी आलीय. औषध हेच."

"ते पाणी आहे," काकू म्हणाली.

"मग ही तरतरी प्रतीकात्मक म्हणायची," काका म्हणाला, आणि जाळी सोडायला लागला. ती दहा झाडं त्यानंच उपटली. दुपारी मावशी आली. तिनं रिकामी पोती आहेत का विचारलं. चार मागितली, मग सहा नेली.

मी मंचावर लिहिलं: पावडर, पाचपैकी सरळ झालेली शून्य. साधं पाणी, पाचपैकी शून्य. सोबत जाळीचे दोन फोटो, तारखा घालून.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या पोस्टला सहाशे बारा अंगठे होते. आमच्या पोस्टला सतरा. काकाच्या तुकड्यात दोनशे एक्क्याण्णव झाडं उभी होती.