बंद करू नये, ताईंना विचारा

मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर एक कुंडी आहे. झाडाला दर सोमवारी पाणी मिळते आणि त्यातले चार-पाच थेंब माझ्या पाठीवर येतात. एकेकाळी माझ्या जवळ कोणी पाण्याची बाटली जरी आणली तरी माणसे अंगावर धावून जात. आता कोणी धावत नाही. मी एक जुना सर्व्हर आहे. काळ्या पत्र्याची पेटी, आत थकलेला पंखा आणि पोटात दोन डिस्क. कपाळावर एक कागद चिकटवलेला आहे: 'बंद करू नये. ताईंना विचारा.' तो कागद अजून तसाच आहे, आणि त्या कागदाचीच ही गोष्ट.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका छापखान्याच्या वरच्या खोलीत, जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर, निरनिराळ्या दुकानांतून आणलेले माझे अवयव एकत्र जोडले गेले. जोडणारे दोघे होते. एक होते मास्तर. बावीस वर्षे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून त्यांनी नोकरी सोडली होती, का सोडली हे त्यांच्या बायकोला अजून नीट समजलेले नाही. दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेही.

मास्तरांचे म्हणणे असे, की माणसाला नाव विचारले नाही तर तो खरे बोलतो. म्हणून त्यांनी लोकांची मते इंटरनेटवर गोळा करणारी कंपनी काढली. प्रत्येक फॉर्मच्या वर त्यांनी एक ओळ लिहिली: 'तुमचे नाव कोणालाही कळणार नाही.' आणि शेवटी एक रिकामा चौकोन ठेवला: 'आणखी काही सांगायचे आहे?' आमचे पहिले ग्राहक एक दंतवैद्य होते. त्यांच्या रोग्यांनी वरच्या नऊ प्रश्नांना 'उत्तम' म्हटले आणि शेवटच्या चौकोनात लिहिले, 'तोंडात हत्यारे असताना डॉक्टर प्रश्न विचारतात.' मास्तर दिवसभर हसत होते. 'बघ,' ते ताईला म्हणाले, 'सगळा माल चौकोनात आहे.'

त्यांचा आणखी एक नियम होता. आलेले उत्तर पुसायचे नाही. नको असेल तर बाजूला ठेवायचे, पण पुसायचे नाही. ती सगळी बाजूला ठेवलेली उत्तरे माझ्या दुसऱ्या डिस्कवर आहेत.

तिसऱ्या वर्षी एक चूक झाली. मित्रांनो, ती आमच्या धंद्यातच होऊ शकते. लोक फॉर्म भरायला विसरत, म्हणून त्यांना आठवण करून देणारी मेल जाऊ लागली. मग ज्यांनी भरला होता ते चिडले. तेव्हा मास्तरांनी मला कोणी भरला आणि कोणी नाही हे लक्षात ठेवायला लावले. प्रत्येकाला वेगळी लिंक, आणि माझ्याकडे यादी: ही लिंक अमक्याची.

'सर, मग नाव कळतंच की,' ताई म्हणाली.

'यंत्राला कळतं. आपल्याला नाही. आपण बघायचं नाही.'

'आणि दुसऱ्या कुणी बघितलं तर?'

'दुसरं कोण येतंय इथे, जिना चढून?'

जिना खरोखरच अवघड होता. तरीही ताईने मला शिकवून ठेवले, की सर्वेक्षण संपल्यावर तीस दिवसांनी यादी आपोआप पुसली गेली पाहिजे. उत्तरे राहतील, नावे जातील. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. दरवर्षी आमच्याच माणसांचे मत घेतले जाई, तेव्हा ती सर्वांकडून लिंक घेऊन त्या चिठ्ठ्यांवर छापून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. ज्याला जी येईल ती त्याने भरायची. म्हणजे माझ्या यादीत नाव एकाचे आणि मत दुसऱ्याचे.

कंपनी वाढली. दोनाचे अकरा झाले, अकराचे साठ. ग्रंथालये आली, बसकंपन्या आल्या, रुग्णालये आली. आम्ही जिना उतरून लिफ्ट असलेल्या इमारतीत गेलो. मग जाहिरातीच्या एका कंपनीने आम्हाला विकत घेतले आणि भिंती हिरव्या झाल्या. चार वर्षांनी त्यांनी आम्हाला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला विकले, तेव्हा भिंती नारिंगी झाल्या आणि मास्तर 'सल्लागार' झाले. सल्लागार म्हणजे ज्याला वाढदिवसाला केक कापायला बोलावतात तो. पुढच्या विक्रीत भिंती राखाडी झाल्या, साठातली अडतीस माणसे राहिली आणि मास्तर घरी गेले. बाकीची यंत्रे दूर कुठेतरी भाड्याने घेतली गेली. मलाही एकदा बंद करून भंगारात काढले होते, पण त्याच दिवशी सगळ्या ग्राहकांच्या रिमाइंडर मेल थांबल्या. तो धागा माझ्यातून जातो हे ताईशिवाय कोणाला माहीतच नव्हते. तेव्हा मला मोडक्या खुर्च्या आणि तीन मालकांच्या तीन पाट्या असलेल्या खोलीत परत ठेवले आणि कपाळावर तो कागद लावला.

तिसऱ्या मालकाने एक साहेब पाठवले. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त आकडे वर जाताना पाहायला आवडे. कंपनी चौथ्यांदा विकायला काढली होती आणि घेणाऱ्यांना दाखवायला समाधानी ग्राहकांचा आकडा ब्याण्णव टक्के छापला होता.

त्या वर्षी आमच्या माणसांचे सर्वेक्षण निघाले. साहेबांना तीन रिमाइंडर गेल्या.

'ताई, हे मला सारखं काय येतंय?'

'तुम्ही भरलं नाहीत, साहेब.'

'तुम्हीच टाका ना भरून. सगळीकडे उत्तम मारा.' त्यांनी आपली लिंक तिला पाठवून दिली. ताईने इतरांसारखीच तिचीही चिठ्ठी केली आणि डब्यात टाकली. नियम तो नियम. चिठ्ठ्या अडतीस होत्या, हात सदतीस. कोणीतरी दोनदा हात घातला. कोणी, ते पाहायला ताई थांबली नाही.

आठवड्याने उत्तरे मुख्यालयात गेली. सगळीकडे नेहमीचे 'ठीक', 'बरे', 'एसी फार थंड आहे' होते. एका चौकोनात मात्र लिहिले होते: 'समाधानी ग्राहक ब्याण्णव टक्के नाहीत. एकाहत्तर आहेत. चारशे बारा नाराज ग्राहकांची उत्तरे अपूर्ण म्हणून बाजूला काढायला लावली. ती अपूर्ण नव्हती.'

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेब माझ्या खोलीत आले. ते याआधी कधी आले नव्हते. दारातल्या मोडक्या खुर्चीला त्यांचा गुडघा लागला.

'याच यंत्रातून रिमाइंडर जातात ना? म्हणजे कोणी भरलं हे याला ठाऊक आहे. म्हणजे कोणी काय भरलं हेही ठाऊक आहे.'

ताईने ती खुर्ची बाजूला सरकवली.

'चार वाजता मुख्यालयातल्या बाईंचा कॉल आहे. हे लिहिणारा कोण, ते मला त्यांना सांगायचंय. चारच्या आत नाव काढा.'

'साहेब, वर आपण लिहिलंय की नाव कळणार नाही.'

'ते ग्राहकांसाठी. हे घरातलं आहे.' दारात ते वळले. 'आणि काढताना काही पुसलं गेलं, तर तुमचंही घरातलंच समजेन.'

मित्रांनो, मला नाव माहीत होते. पण विचारल्याशिवाय सांगणे आमच्या स्वभावात नाही. दोन वाजता ताई माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. माझ्या पंख्याची घरघर सोडली तर खोलीत आवाज नव्हता. यादी उघडायला तिला एक कळ पुरे होती, पुसायलाही एकच. यादीत ज्या कोणाचे नाव निघेल तो सुटणार नव्हता, आणि चिठ्ठ्यांमुळे तो बहुधा निरपराधच असणार होता. डब्याची हकिगत सांगितली तर साहेब चिठ्ठ्या उचलणाऱ्या सगळ्यांना एकेक करून खोलीत बोलावणार, हेही तिला कळत होते. तिने मास्तरांना फोन लावून सगळे सांगितले.

'सर, यादी पुसून टाकू? तीस दिवसांनी जाणारच आहे.'

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग मास्तर म्हणाले, 'ते चारशे बारा कुठे आहेत?'

'याच्यातच. दुसऱ्या डिस्कवर. बाजूला काढलेले.'

'मग विचार कर. आज तू काहीही पुसलंस की त्याची नोंद राहणार, दोन वाजून वीस मिनिटं, तुझं नाव. त्यानंतर त्या चारशे बारांबद्दल तू शपथेवर बोललीस तरी लोक म्हणतील, ही पुसणारी बाई.' मग हळूच म्हणाले, 'चूक माझी आहे गं. त्या जिन्यावर मी फार विसंबून राहिलो.'

फोन ठेवला तेव्हा दारात फोनकाका उभे होते. अठरा वर्षे ते वैतागलेल्या ग्राहकांचे फोन घेत होते. नाराज ग्राहक किती, हे त्यांना आकडेमोडीशिवाय कळे.

'बघितलंस?' त्यांनी विचारले.

'नाही.'

'बघू नकोस.' ते एका मोडक्या खुर्चीवर बेताने टेकले. 'माझ्या निवृत्तीला चौतीस महिने राहिलेत. धाकटीचं शिक्षण पुरं व्हायला छत्तीस लागतील. मी आपला हिशेब करत होतो, दोन महिने कसे काढायचे. आता बहुतेक छत्तीसच्या छत्तीस.'

'काका, तुम्ही...'

'मी काही बोललो नाही. तू काही ऐकलं नाहीस. खुर्चीबद्दल तक्रार करायला आलो होतो.' आणि ते गेले.

ताईचे बोट कळेवर होते. साडेतीन वाजले. पावणेचार वाजले. मग तिने हात उचलून मांडीवर ठेवला. तिने पुसले नाही आणि पाहिलेही नाही. पाहिले असते तर तिचा जीव तिथेच भांड्यात पडला असता.

चारला साहेब आले. हातात लॅपटॉप, पडद्यावर मुख्यालयातल्या बाई. लॅपटॉप त्यांनी खुर्चीवर मांडला. 'मुद्दाम इथेच आलोय, मॅडम. छापील यादी नको. मागून कोणी फिरवली म्हणायला नको. थेट यंत्रावरून.' मग ताईकडे वळून, 'वाचा. मोठ्याने.'

ताईने कळ दाबली. मला विचारले होते, मी उत्तर दिले.

ताई पडद्याकडे पाहत राहिली.

'वाचा की. कोणाला वाचवताय?'

'साहेब,' ती म्हणाली, 'तुमचं नाव आहे.'

साहेबांनी वाकून स्वतः वाचले. मग चष्मा काढून पुन्हा वाचले. पडद्यावरच्या बाई पुढे झुकल्या. 'तुम्हीच लिहिलंत? हे मला फोनवर सांगता आलं असतं.'

'मी नाही लिहिलं! मी तर यांना भरायला सांगितलं होतं. सगळीकडे उत्तम मारा म्हणून!'

बोलून झाल्यावर त्यांना ऐकू आले आपण काय बोललो ते.

'तुमचं मत दुसऱ्याने भरायचं, आणि सगळीकडे उत्तम,' बाई सावकाश म्हणाल्या. 'ब्याण्णव टक्केही असेच आले का?' मग ताईला, 'तुम्ही लिहिलंत?'

'नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकल्या होत्या, कोणाला कुठली आली मला माहीत नाही.' ताईने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. 'कोणी लिहिलं ते सोडा, मॅडम. खरं आहे का, ते विचारा. चारशे बारा उत्तरं या यंत्रात आहेत. एकही पुसलेलं नाही. उघडू?'

'उघडा,' बाई म्हणाल्या.

ती उघडायला सहा मिनिटे लागली. मी म्हातारा, दुसरी डिस्क सावकाश फिरते. पहिलेच उत्तर एका रुग्णालयाचे होते, पूर्ण भरलेले, दहाच्या दहा प्रश्न. शेवटच्या चौकोनात होते: 'तुमच्या फोनवरचे काका चांगले आहेत. बाकी काही चांगले नाही.'

पुढचे थोडक्यात सांगतो. आकडा एकाहत्तर म्हणून पुन्हा छापला गेला. घेणारे महिनाभर रुसले आणि मग त्यांनी कंपनी कमी किमतीत घेतली. भिंती आता पिवळ्या आहेत. साहेब गेले, एका दुसऱ्या शाखेत, वरच्या पदावर. मोठ्या कंपन्यांत अशीच शिक्षा असते. रिमाइंडर आता सर्वांना जाते, भरलेल्यांनाही. ते चिडतात, ताई त्यांची क्षमा मागते. ती यादी तीस दिवस पुरे झाल्यावर ठरल्याप्रमाणे पुसली गेली. त्यानंतर मला निवृत्त केले आणि कुंडी ठेवली. कागद काढू का, असे सफाईवाल्या मावशींनी विचारले. ताई म्हणाली, 'राहू दे.'

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कचेरीत माझ्यासारखी यंत्रे असतील. त्यांच्यावरची धूळ पुसत जा. पण 'तुझे नाव कळणार नाही' असे कोणाला म्हणालात, तर तो शब्द धुळीपेक्षा जास्त जपा. आमच्या आत तो कुठेही लिहिलेला नसतो. तो बाहेरच्या माणसांनीच पाळायचा असतो.

एक गोष्ट मात्र यादीत कधीच नव्हती. ते चार ओळींचे उत्तर लिहायला बावीस मिनिटे लागली होती, आणि तीन वेळा खोडून पुन्हा लिहिले गेले होते. या कचेरीत कोणाची बोटे किती वेगाने चालतात हे मला अठरा वर्षे ठाऊक आहे. ते मला कोणी विचारले नाही. आता विचारले तरी माझी वायर काढलेली आहे.