बंद केलेली शेगडी

मुक्ताबाईनं शेगडी बंद केली होती. पहिल्या दिवशी तर ती छातीवर हात ठेवून सांगत होती. पण चार माणसं तेच तेच विचारायला लागली की आपलंच मन आपल्याला खोटं पाडायला लागतं. आठवडा सरता सरता तिलाही वाटायला लागलं, केली होती का खरंच?

मुक्ताबाई साखर कारखान्याच्या कँटीनमधली मुख्य स्वयंपाकीण. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती. पुढं सहकारी कारखाना उभा राहिला आणि तिच्या हातात हातोड्याच्या जागी उलथनं आलं. शहाऐंशीला पुन्हा पावसानं पाठ फिरवली. सरपणाला काडी मिळेना, लोकांनी बाभळी बुडापासून तोडून नेल्या, तेव्हा कारखान्यानं कँटीनला विजेची मोठी शेगडी आणली. वर चुलीसारखे तापणारे चार काळे लोखंडी तवे, पुढं चार बटणं, प्रत्येक बटणावर एक तांबडा दिवा. हंगामात वीज कारखान्याची घरचीच. फुंकणी सुटली, डोळ्यांतलं पाणी सुटलं. मुक्ताबाई त्या शेगडीला लेकरासारखी पुसायची.

त्या दिवशी नाष्टा आटोपला, तसं तिनं डाव्या बाजूच्या तव्याचं बटण फिरवलं. दिवा विझला. शेजारच्या तव्यावर वरणाचं पातेलं रटरटत होतं. भांडी घासून होईतो बंद तवा गार होत असे. मग तिनं हाताखालच्या जाईबाईला हाक मारली, "जाई, तेवढा डावा तवा पूस गं. बंद हाय."

जाईबाईनं ओलं फडकं घेतलं, दुसऱ्या हाताचा तळवा तव्यावर टेकला आणि किंचाळली. तवा तापून निखारा झाला होता.

जाईबाईला जीपमध्ये घालून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. तिथून तिचा भाऊ तिला परस्पर तेरला माहेरी घेऊन गेला. मागं राहिली मुक्ताबाई, आणि एकच प्रश्न.

कँटीनचं काम बघणारे आबाराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग म्हणाले, "मुक्ताबाई, वय होतं माणसाचं. मागं एकदा रिकामं पातेलं करपलं, तेव्हाही तुम्ही म्हणलात, बंद केलं होतं. आता संचालक मंडळ मला विचारतंय. काही दिवस भाजी निवडायचं काम बघा. शेगडीला हात लावू नका."

तिला आईची आठवण आली. शेवटच्या वर्षांत आई चुलीवर तवा ठेवून दारात जाऊन बसायची आणि विचारलं तर म्हणायची, "म्या कुठं ठेवला?" अगदी छातीवर हात ठेवून म्हणायची. आपलंही तसंच होतंय की काय? घरी सून कमलबाई दिवा लावायला उठली, तरी तिला वाटायचं, ही आपल्याला राखायला लागली.

कारखान्याचा वायरमन सिद्धेश्वर. लोहाऱ्याकडचा, घरात कानडी बोलणारा, मोठ्या बाईमाणसाला सरळ अक्का म्हणणारा. आबारावांनी त्याला सांगितलं, तशी त्यानं एका दुपारी येऊन शेगडी तपासली. एकेक बटण लावलं, बंद केलं. सगळं ठाकठीक.

"शेगडीत खोट न्हाय, साहेब," तो म्हणाला.

पलीकडं मुक्ताबाई मेथी निवडत होती. तिची मान आणखी खाली गेली. तिच्या हातातल्या काड्या टोपलीत आणि पानं जमिनीवर पडत होती, तेही तिच्या ध्यानात नव्हतं. सिद्धेश्वरनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि ते बघून परत फिरला. तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अक्का, त्या दिवशी शेगडीवर काय काय शिजत होतं?"

एवढ्या दिवसांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारत होते, बंद केली होती का.

"वरण व्हतं," ती आठवून आठवून बोलू लागली. "लई मोठं पातेलं, उतू गेलतं. मागं भात. चारी तवे सकाळपासून चालू व्हते."

"आणि मागं पातेलं करपलं तेव्हा?"

"तवाबी चारी चालू व्हते. पाव्हणे आलते ना कारखान्याला."

सिद्धेश्वरनं वळून शेगडीकडं बघितलं. मग म्हणाला, "म्या गार शेगडी तपासली. उद्या सकाळी येतो. तुमीच स्वयंपाक करा."

"मला हात लावायची बंदी हाय."

"साहेबांना म्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. शेगडीचा पुढचा पत्रा त्यानं खोलून ठेवला. आत जाड वायरींच्या गर्दीत एक काळा बोर्ड होता, त्यावर ओळीनं चार स्विच. "बटण नुसतं हुकूम देतं, अक्का," त्यानं सांगितलं. "करंट सोडायचं, तोडायचं काम ह्या बोर्डाचं." डाव्या तव्याला जाणाऱ्या वायरींना त्यानं एक बल्ब जोडून बाहेर टांगला. तव्यात वीज गेली की बल्ब पेटणार, तुटली की विझणार.

मुक्ताबाईनं वरण चढवलं, भात चढवला. फोडणीचा वास सुटला तसे हात सवयीनं चालू लागले. सिद्धेश्वर मधूनच डाव्या तव्याचं बटण बंद करायला सांगायचा. बटण बंद, दिवा बंद, बल्ब बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद. आबाराव येऊन उभे राहिले, घड्याळ बघून गेले. मुक्ताबाईला वाटलं, संपलं. आता सिद्धेश्वरही म्हणेल, अक्का, तुमचंच चुकलं.

वरण उतू आलं. पाण्याचे ओघळ पत्र्यावरून आत गेले, चर्र झालं, वाफ निघाली.

"आता बंद करा," सिद्धेश्वर म्हणाला.

तिनं बटण फिरवलं. तांबडा दिवा विझला.

बल्ब जळतच राहिला.

दोघंही बघत राहिले. मुक्ताबाईनं बटणावरचा हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा फिरवून बघितलं. बटण बंदच होतं. बल्ब ढणढणीत जळत होता.

"साहेब!" सिद्धेश्वर ओरडला. "साहेब, इकडं या!"

आबाराव आले, वाकून बघितलं. सिद्धेश्वरनं स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं बोर्डाच्या कडेवर हलकेच ठोकलं. खट् असा आवाज झाला आणि बल्ब विझला. "बघा. आत चिकटून बसतंय. जरा धक्का लागला, न्हायतर शेगडी गार झाली, की सुटतंय. म्हणून काल मला सापडलं न्हाय. दिवा बटणावर हाय, तो हुकूम सांगतो. तवा हुकूम मानतोय का न्हाय, ते त्याला काय ठाऊक?"

मेन बंद करून त्यानं बोर्ड काढला. वाफेनं आणि आचेनं त्याची एक बाजू वाकली होती, स्विचची टोकं जळून काळीठिक्कर पडली होती.

आबारावांनी कपाळ पुसलं. "टोकं घासून हंगामापुरतं चालवता येईल?"

"येईल," सिद्धेश्वर म्हणाला. "पण म्या न्हाय घासणार. उद्या दुसऱ्याचा हात भाजला तर?"

आबाराव मुक्ताबाईकडं वळले. जळका बोर्ड हातात घेऊन त्यांनी उलटापालटा केला. शेवटी म्हणाले, "बोर्ड येईपर्यंत चूल पेटवावी लागेल, मुक्ताबाई. जमेल?"

"न जमायला काय झालं," ती म्हणाली, आणि मग एकाएकी पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. सिद्धेश्वर तिच्याकडं पाठ करून उगाचच स्क्रू गोळा करत बसला.

नवा बोर्ड सोलापूरहून आला तोवर कँटीन उसाच्या पाचटाच्या धुरानं भरून गेलं. सिद्धेश्वरनं तो बसवताना जागाच बदलली. शेगडीच्या पोटात न ठेवता भिंतीवर पेटी ठोकून तिच्यात बसवला, उतू गेलेलं पाणी पोचणार नाही असा. चारी तवे तापवून, पाणी ओतून, बल्ब टांगून पुन्हा पुन्हा बघितलं. मग त्यानं मुक्ताबाईच्या हातचं वरण मागून खाल्लं आणि आणखी मागितलं.

सुट्टीच्या दिवशी मुक्ताबाई एसटीनं तेरला गेली. जाईबाई भावाच्या ओसरीवर बसली होती, हाताला पांढरी पट्टी, केस विस्कटलेले. मुक्ताबाईनं वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरून एका दमात सांगितलं. बोर्ड, बल्ब, वाफ. "बंद केली व्हती गं म्या. खरंच केली व्हती."

"मला माहीत हाय की," जाईबाई म्हणाली.

"तुला कसं?"

"म्या बघितलं ना. तुमी बटण फिरवलं, दिवा गेला, मगच म्या फडकं उचललं. तुमच्यावर ढकलतील, हे मला काय ठाऊक? इथं मला कोण सांगायला आलं?"

मुक्ताबाईनं तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. मग तिच्या मागं जाऊन बसली.

"फणी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कोनाड्यात. भावजयीला वेळ न्हाय, आन् मला एका हातानं जमंना."

मुक्ताबाईनं फणी घेतली आणि जाईबाईच्या केसांतला गुंता टोकाकडून हळूहळू सोडवायला लागली.

"दुखलं तर सांग," ती म्हणाली.