फुंकायला काय जातं?

घोटावड्याच्या फाट्यावर विजेच्या खांबाला एक फ्लेक्स बांधलेला होता. वर पोलिसांचं आणि ग्रामपंचायतीचं नाव, खाली कोपऱ्यात मनीषचा कुणाच्याशा लग्नात काढलेला हसरा फोटो, आणि मध्ये टपोऱ्या अक्षरांत एक वाक्य: 'प्यायला नसाल, तर फुंकायला काय जातं?' वाक्य नथूचं होतं. पोलिसांनी त्यातली गावाकडची बोली काढून ते जरा शुद्ध करून घेतलं होतं, एवढंच. फोटोही नथूचाच म्हणायचा, कारण मनीष त्याचा एकुलता एक मुलगा.

मनीष पिरंगुटच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता. पाळी सुटली की मोटारसायकलवर घरी यायचा. एका रविवारी दुपारी तो पाळीवरून परत येताना वळणावर आला आणि धरणाकडून भरधाव येणाऱ्या एका मोठ्या गाडीनं त्याला नथूच्या वावराच्या कडेलाच उडवलं. नथू बांधावर गवत कापत होता. विळा टाकून धावला. मनीषचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा गाडीतला पुण्याचा पोरगाही खाली उतरून शेजारी वाकला होता आणि 'सॉरी अंकल, सॉरी' म्हणत होता. त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. नथूनं आयुष्यात दारूला हात लावला नाही, पण वास कुणाला कळत नाही?

गाडीतल्या पोराचं रक्त तपासायला घेतलं ते दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात फोन झाले, माणसं भेटली, आणि रक्तात काही उरलं नाही. तेव्हा तो पोरगा प्यायला होता याला पुरावा एकच राहिला, तो म्हणजे नथूचं नाक. सरकारी वकिलानं त्याला तसं स्पष्टच सांगितलं. सगळी केस तुमच्यावर आहे नाना, साक्षीला उभे राहाल तेव्हा डगमगू नका. नथू म्हणाला, डगमगायला मी काय खोटं बोलणार आहे का.

त्यानंतरच्या ग्रामसभेत नाकाबंदीचा ठराव त्यानंच मांडला. शनिवार-रविवारी धरणाकडं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवा, प्रत्येकाच्या तोंडाला दारू तपासायचं मशीन लावा. सगळ्यांचे हात वर गेले. बोलायला उठला तो एकटा साबीर. पिरंगुटला त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं आणि तो नथूचा शाळेपासूनचा मित्र होता. त्याचं म्हणणं इतकंच की नाकाबंदी बसवा, पण कुणाला अडवायचं, कशावरून अडवायचं, हे आधी ठरवून घ्या. अडवायची मुभा मोकळी सोडली, तर मोठी गाडी निघून जाईल आणि आपणच अडकू. मला विचारा, असंही तो म्हणाला. साबीरला दाढी होती. कुठंही बंदोबस्त असला की गर्दीतून त्यालाच बोट करून बाजूला घेत, हे गावाला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, त्यावर गाव हसायचं.

पोराला माती देऊन पंधरवडा झाला नव्हता आणि मित्र कायदे शिकवत होता. नथू तडकला. "प्यायला नसंल तर फुंकायला काय जातंय रं? फुंकायचं आन् घरी जायाचं." सभेनं टाळ्या वाजवल्या. साबीर खाली बसला. दुसऱ्या महिन्यात फ्लेक्स लागला.

पहिले काही रविवार नाकाबंदी अगदी जोरात चालली. गाव कौतुकानं बघायला उभं राहायचं. मग ज्यांनी जमिनी देऊन रिसॉर्ट उभे केले होते, त्यांची गिऱ्हाइकं कमी झाली. ही माणसंही गावातलीच, ठरावाला हात वर केलेली. त्यांनी कुठं काय सांगितलं देव जाणे, पण बॅरिकेड धरणाच्या रस्त्यावरून हळूच सरकलं आणि कारखान्यांच्या रस्त्याला येऊन बसलं. आता अडवले जाऊ लागले पाळीवरून सुटलेले कामगार, दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं, मुकादमाच्या टेम्पोतले बिहारी. गावानं त्यावरही मान डोलावली. परप्रांतीय लई पितात, बरं झालं, असं पारावर म्हणायचे. ज्याला अडवलं नाही, त्याला नाकाबंदी चांगलीच वाटते.

गटारीचा रविवार आला. उद्यापासून श्रावण, म्हणून अख्खा तालुका त्या दिवशी पिऊन आणि खाऊन घेतो. नथू माळकरी. वडील गेले तेव्हा बाविसाव्या वर्षी त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मच्छी नाही, दारू नाही, कुणाचं उष्टं नाही. बायकोचं, साळूबाईचं, उष्टंसुद्धा नाही, आणि यावरून ती त्याला आयुष्यभर टोमणे मारत आली. त्याला गटारीशी काही देणंघेणं नव्हतं. विहिरीवरची मोटार जळली होती, ती साबीरनं भरून दिली होती आणि बसवायला तो स्वतःच निघाला होता. स्कूटर नथू चालवत होता. मागं साबीर मोटार मांडीवर घेऊन बसला होता. मोटारीतल्या तारेला नुकतंच वार्निश मारलेलं. त्याचा आणि थिनरचा वास दोघांच्या अंगाला लागला होता.

फाट्यावर हात आडवा झाला. हवालदार तरुण होता, दमलेला होता, सकाळपासून शंभर तोंडं हुंगून वैतागलेला होता. त्यानं नाक पुढं केलं आणि वास येतोय म्हणाला. नथूनं सांगितलं, वार्निशचा आहे. हवालदार म्हणाला, आज सगळेच काहीतरी सांगतात. मग मागं बघून साबीरलाही बोट केलं. गाडी चालवणाऱ्याचं ठीक, मागच्यानं काय केलं होतं? पण साबीरनं विचारलं नाही. मोटार खाली ठेवली, नळी सदऱ्याला पुसली आणि फुंकर मारली. मशीननं शून्य दाखवलं. तीच नळी हवालदारानं नथूपुढं धरली.

नथूनं नळीकडं पाहिलं. तिच्यावर ओल होती. मघाशी दोन झिंगलेले त्याच नळीत फुंकून बाजूला बसवलेले त्याला दिसत होते.

"नवी नळी द्या," तो म्हणाला.

नळ्या संपल्या होत्या. गटारीला किती पुरणार? नथू म्हणाला, मी माळकरी आहे, उष्ट्याला तोंड लावत नाही. रक्त काढा, उभं करा, रेघेवरून चालायला लावा, पण हे नको. हवालदारानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, आणि रांगेतले लोक म्हणू लागले, प्यायला नाही तर फुंकत का नाही हा. साबीर कानाशी येऊन म्हणाला, "नथू, फुंक आन् चल. तुला सवय न्हाई, मला हाय. लई इचार करायचा न्हाई." नथू हलला नाही. डोक्यावर फ्लेक्स फडफडत होता आणि त्यातून मनीष हसत होता.

चौकीत नेलं. रक्त तपासायला दवाखान्यात न्यायचं, तर त्या दिवशी गाडी मोकळी नव्हती. पुतण्या शंभू धावत आला. शंभू व्यवहारी माणूस, चार ओळखी ठेवून असलेला. त्यानं साहेबांशी बोलून सोपा मार्ग काढला. आता सही करून घरी जायचं, उद्या कोर्टात गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, पाच मिनिटांत मोकळं व्हायचं. नाहीतर तारखांना फिरत बसा. नथू म्हणाला, मी प्यालोच नाही तर कबूल काय करू. शंभू म्हणाला, नाना, सगळे असंच करतात. घरी साळूबाई एकटी होती. मुलगा गेल्यापासून नवऱ्याला यायला उशीर झाला की ती दारातून उठत नसे. नथूनं सही केली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात कबूल केलं. आयुष्यातलं त्याचं हे पहिलं खोटं, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध.

गावानं मग काय करायचं ते केलं. माळ घालून हिंडतोय आणि बघा. पोराच्या दुःखानं घ्यायला लागला असेल, असं दयाळू लोक म्हणाले. ते जास्त लागलं. काहींनी आणखी खालचं काढलं, की साबीरनं आधी फुंकलं म्हणून नथूनं नळी नाकारली. हे साबीरच्याही कानावर गेलं. नथू मुद्दाम दुकानात जाऊन म्हणाला, "तुज्या तोंडाचं म्हणून न्हाई रं." साबीर मोटारीत तार भरता भरता म्हणाला, "ठाऊक हाय मला." पण मान वर केली नाही. नथू त्या दिवशी चहा न पिताच उठला. फ्लेक्स काढा, माझं वाक्य आहे, म्हणून पंचायतीत सांगायला गेला, तर ग्रामसेवक हसून म्हणाला, वाक्य तुमचं आहे नाना, फ्लेक्स पंचायतीचा आहे.

वर्ष उलटल्यावर मनीषची केस उभी राहिली. सोबतीला साबीर पुण्याला आला. पुतण्याला त्या दिवशी काम निघालं होतं. नथूनं सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मग पुण्याच्या पोराच्या वकीलबाई उठल्या. गोड आवाजाच्या, 'बाबा, बाबा' म्हणून बोलणाऱ्या. त्यांनी गटारीचा रविवार काढला.

"तुमच्या तोंडाला दारूचा वास येत होता असं पोलिसांनी लिहिलंय. तुम्ही ते कबूलही केलंत. खरं ना, बाबा?"

"मी प्यालो नव्हतो. मोटारीच्या वार्निशचा वास हुता त्यो. त्या पोलिसाला दारूचा वाटला."

"म्हणजे वार्निशचा, थिनरचा वास दारूसारखा वाटू शकतो."

"वाटतोय की."

"दिवसभर तेच काम करणाऱ्या पोलिसालासुद्धा?"

"व्हय. त्यालाबी."

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं म्हणणं ऐकून घेत होतं. नथूला त्या बाईंबद्दल बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढचा प्रश्न येईपर्यंत तो सावध झालाच नाही.

"तुमचा मुलगा कशाच्या कारखान्यात होता?"

नथूच्या तोंडून 'रंगाच्या' निघालं आणि मग त्याला दिसलं. घरामागच्या दोरीवर वेगळे वाळत घातलेले मनीषचे कपडे दिसले. वासानं डोकं उठतं म्हणून साळूबाई ते कधी घरात घ्यायची नाही.

"त्याच्या कपड्यांना थिनरचा वास यायचा का, बाबा? तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हाही येत होता?"

सरकारी वकील समोरच्या कागदात बघत होता. पुण्याचा पोरगा खाली मान घालून बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. नाही म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं? पण एकदा खोटं कबूल करून काय झालं ते नथूनं भोगलं होतं, आणि गळ्यात माळ होती.

"येत हुता," तो म्हणाला.

वकीलबाई आभार मानून खाली बसल्या. बाहेर जिन्यात सरकारी वकिलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दारूचा मुद्दा गेला नाना, म्हणाला. आता साधा अपघात. दंडावर सुटेल पोरगा. तुम्ही त्या दिवशी फुंकलं असतं तर तिच्या हातात काहीच नव्हतं हो. एवढ्याशा गोष्टीसाठी.

पिरंगुटपर्यंत बस आणि तिथून साबीरच्या दुकानासमोर लावलेली स्कूटर. ऊन कललं होतं आणि कारखान्यांची पाळी सुटत होती. फाट्यावर हात आडवा झाला. तोच हवालदार, आता अंगानं जरा सुटलेला. त्यानं नथूला ओळखलं नाही. ओळखायचं काय कारण होतं, अशी किती तोंडं रोज समोर येत होती. फ्लेक्सचा रंग उडाला होता आणि मनीष कोपऱ्यात पांढरट पडला होता, पण वाक्य अजून लांबून वाचता येत होतं.

हवालदारानं नळी पुढं केली. या वेळी ती नवी होती का जुनी, हे नथूनं पाहिलंच नाही. त्यानं दोन्ही हात मानेमागं नेले, माळ डोक्यावरून काढली आणि साबीरपुढं धरली.

"धर जरा."

साबीरला क्षणभर कळेना. मग त्यानं हात सदऱ्याला पुसले आणि दोन्ही तळवे पुढं करून माळ घेतली. नथूनं नळीला तोंड लावलं आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा फुंकली. मशीननं शून्य दाखवलं.

"बघा बाबा, झालं की," हवालदार चांगुलपणानं म्हणाला. "काय गेलं?"

नथूनं स्कूटरला किक मारली. साबीर मागं बसला, एका हातानं त्याच्या खांद्याला धरून, दुसरा हात छातीशी मिटून. वावराच्या कडेनं, त्या वळणावरून, स्कूटर घरापाशी आली. साळूबाई दारातच बसली होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग गळ्याकडं पाहिलं.

साबीर उतरला. मूठ उघडून त्यानं माळ पुढं केली.

"घे नथू. घाल."

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं," नथू म्हणाला आणि तोंड धुवायला मोरीत गेला.