नावेतलं ओझं

१९७८ च्या ऑगस्टात अमजदची नाव मुळशी धरणाच्या मधोमध असताना वारा फिरला आणि लाटा आत येऊ लागल्या. नावेत आठ माणसं होती, शिवाय बाजी धनगराची नऊ मेंढरं.

"ओझं कमी करा, न्हाईतर समदे बुडू!" वल्हं मारता मारता अमजद ओरडला.

शाळेतले गुरुजी म्हणाले, "एक मेंढरू गेलं तर आठ माणसं वाचतील. सगळ्यांत जड तेच टाका." त्यांनी आणि शेजारच्यानं मिळून घंटा बांधलेला एडका उचलला.

"गुरुजी, त्यो म्होरक्या हाय! त्याच्या मागं समदी जात्यात!"

बाजी हे ओरडेपर्यंत एडका पाण्यात पडला होता. उरलेली आठही मेंढरं त्याच बाजूला धावली आणि त्याच्यामागं उड्या टाकत गेली. नाव कलंडली, भसाभस पाणी आत आलं, मग ती कशीबशी सावरली.

आता टाकायला मेंढरं नव्हती. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं आणि काठ लांब होता. गुरुजींची नजर एकेकावरून फिरत बाजीच्या म्हाताऱ्या आईवर, तुकाबाईवर थांबली. मग बाकीच्यांचीही.

तिनं पाय पोटाशी घेतले.

"मी लई हलकी हाय, गुरुजी," ती म्हणाली.