बंद पाकिटातली अंगठी

मी एक जुनी, पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. तळहाताएवढी, एका बाजूने पिवळी पडलेली. पण मित्रांनो, मला नुसती चिठ्ठी समजू नका. एका खेळात मी अंगठी होते, आणि तीही जादूची! सहा वर्षे मी एका शूर योद्ध्याच्या थैलीत पडून होते. त्या सहा वर्षांत माझ्याकडे कोणी एकदाही सरळ नजरेने पाहिले नाही.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत झाला. तिथे भिंगे घासणारी एक बाई होती. तिला सगळे ताई म्हणत. रविवारी दुकान बंद असे. मग ताई घासायच्या यंत्रावर कापड टाकायची आणि टेबलावर खेळ मांडायची. ती गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. तिचा धाकटा भाऊ योद्धा. शेजारचा वायरमन जादूगार. आणि त्या बहीणभावांची मावशी, जिने शाळेत तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवले, ती हट्टाने चोर व्हायची. वार लागला की हुकला, हे फासा टाकून ठरे.

गोष्टीत कोणाला जादूची वस्तू सापडली की ताई चष्म्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिची चिठ्ठी करी. पुढच्या बाजूला वस्तूचा गुण लिही, मागच्या बाजूला शाप, असलाच तर. मग ती पाकिटात घालून डिंकाने बंद करी. वायरमनने पारखमंत्र म्हटला की ताई गुण सांगून टाकी. शाप मात्र मंत्राने कळत नसे. वस्तू अंगावर चढवायची, मगच पाकीट फोडायचे, असा त्यांचा नियम होता. हा नियम धाकट्यानेच केलेला.

माझ्या आधी एक पट्टा होऊन गेला. माझ्या हालांना तोच कारणीभूत आहे. तो पट्टा बांधणाऱ्याला दहा माणसांचे बळ येई. पण मागे लिहिले होते, की तो बोलायला गेला की गाढवासारखा ओरडेल. धाकट्याने तो लगेच बांधला आणि तीन रविवार टेबलापाशी मनसोक्त ओरडला. तोही हसला, सगळेच हसले. पण ताईने ती गंमत घरी सांगितली, तीही पंगतीत पाहुणे असताना. पाहुण्यांत धाकट्याच्या कचेरीतला एक जण होता. दुसऱ्या दिवशी धाकटा कचेरीचा जिना चढत असताना वरून कोणीतरी गाढवासारखे ओरडले. ते ओरडणे वर्षभर चालले. धाकटा घरी एक अक्षर बोलला नाही. त्याने फक्त ताईच्या हातचा चहा आधी हुंगून मग प्यायला सुरुवात केली.

त्यानंतर मी झाले. एका दुपारी ताईने मला कापले आणि पुढे लिहिले, 'घालणाऱ्यावर येणारा एक जीवघेणा घाव ही अंगठी स्वतःवर घेते.' मग तिने मला उलटे केले. मागे ती बराच वेळ लिहीत होती. मध्येच थांबली, पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. मित्रांनो, चिठ्ठीला स्वतःची मागची बाजू वाचता येत नाही. पाकीट बंद झाले तेव्हा मला एवढेच ठाऊक होते, की माझ्या मागे काहीतरी आहे.

रविवारी योद्ध्याला गुहेत अंगठी सापडली. वायरमनने मंत्र म्हटला, ताईने गुण सांगितला.

"एवढी चांगली? आणि मला?" धाकटा म्हणाला. "यात काहीतरी काळंबेरं आहे."

मग माझी परीक्षा सुरू झाली. गोष्टीत त्याने मला उकळत्या तेलात टाकले. उंदराच्या गळ्यात अडकवले. उंदीर ठणठणीत राहिला, तर म्हणाला, "उंदराला कोण कशाला शाप देईल?" शापित अंगठी फेकली तरी परत येते असे ऐकून त्याने मला नदीत फेकले. मी आले नाही. मावशीच्या चोराने बुडी मारून मला वर काढले.

"नाही आली ना परत? म्हणजे चांगली आहे," मावशी म्हणाली.

"मुद्दाम आली नसेल."

"मग दे इकडे, मी घालते."

"नको. तू ताईच्याच बाजूची."

खरे पाकीट तो भिंगे तपासायच्या दिव्यासमोर धरून बघे. पुठ्ठा जाड, काही दिसत नसे. हळूहळू मलाही माझी शंका येऊ लागली. ताईने मागे गाढवापेक्षाही वाईट काही लिहिले असेल तर? सहा वर्षे मी स्वतःलाच घाबरून राहिले.

मग ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि त्या खोलीतला शेवटचा रविवार आला. गोष्टीत राक्षस मागे लागला होता. बाकीच्यांना नदीपार जाता यावे म्हणून योद्धा पुलावर एकटा उभा राहिला. त्याच्यात एवढासाच जीव उरला होता. पुढचा घाव बसला की खेळ खलास.

"अरे, घाल ना ती अंगठी!" मावशी ओरडली.

धाकट्याने पाकीट हातात घेतले. "ताई, खरं सांग. मागे काय आहे?"

"घालून बघ."

"पट्ट्याच्या वेळीही असंच म्हणाली होतीस."

ताईचा चेहरा उतरला. धाकट्याने त्या उतरलेल्या चेहऱ्याकडेही संशयानेच पाहिले आणि पाकीट खाली ठेवले. फासा पडला. घाव बसला. योद्धा गेला.

मालक मेला की त्याची पाकिटे फोडायला हरकत नसे. "आता बघूच," धाकटा म्हणाला, चोराला रंगेहाथ पकडावे तशा आवाजात. त्याने मला बाहेर काढले आणि उलटे करून मोठ्याने वाचायला लागला.

"शाप नाही. पट्ट्याचं मी घरी सांगायला नको होतं. तुझं कचेरीत काय झालं, ते मला फार उशिरा कळलं. चुकलं माझं. समोर बोलायला जमत नाही, म्हणून..."

पुढे त्याला वाचवेना. मला माझी मागची बाजू तेव्हा कळली आणि फार वाईट वाटले.

"सहा वर्षं, ताई! एकदा तोंडाने सांगायचंस ना."

"खरं वाटलं असतं तुला?"

धाकट्याने थोडा विचार केला. "नसतं वाटलं."

मावशीने स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. ताईने चहा आणला. धाकटा तो न हुंगता प्यायला.

आता खेळ धाकट्याच्या घरी होतो. गोष्ट तो सांगतो आणि ताई फोनवरून खेळते. मी त्याच्या चष्म्याच्या डबीत असते. मागच्या महिन्यात त्याने एक नवी चिठ्ठी करून ताईला टपालाने पाठवली.

"ताई, तुला एक टोपी सापडलीये. पाकीट पोचलं?"

"पोचलं."

"थांबा, पारखमंत्र म्हणतो," वायरमन म्हणाला.

"नको," फोनमधून ताई म्हणाली. "घातली."

"अगं, आधी बघ तरी!" मावशी म्हणाली.

"घातली म्हटलं ना."

धाकटा फोनजवळ सरकला. पलीकडे पाकीट फाडल्याचा आवाज आला. आणि मग फोनमधून, टेबल हादरेल असे, गाढव ओरडले! धाकटा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. सहा वर्षे जपूनच ठेवले होते मला. आपल्या माणसाने तुमच्या हातात काही ठेवले, तर निदान एकदा बोटात घालून बघा. आणि हो, ताई ओरडल्याचे त्या चौघांबाहेर अजून कोणाला माहीत नाही. तुम्हाला सांगितले आहे, ते तुमच्यापाशीच ठेवा.