शनिवारी ‘होय’ कुणी दाबले?

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पेटीत मी आडवा बसतो. माझ्या अंगावर दोन छोटे पंखे आहेत आणि पडद्यावर तुम्हाला जे दिसते, ते चित्र मी तयार करून पाठवतो.

माझी पहिली पाच वर्षे माळशिरसच्या एका फोटो स्टुडिओत गेली. तिथे मी लग्नाचे अल्बम केले. नवरीच्या शालूचा रंग फिका आला, तर स्टुडिओवाले कॅमेऱ्याला बोल लावत, मला कधीच नाही. मग तिथे नवे कार्ड आले आणि मी खोक्यात बसून सोलापुरात आलो. त्या दिवसापासून संशय माझ्या मागे लागला.

चन्नवीर मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या शेजारी काचेची एक खोली आहे. तिथल्या संगणकावर कीर्ती टॉवेलची नक्षी काढते. ती रोज कुंभारीहून बसने येते. तिचे काम तपासायला त्रिंबककाका असतात. त्यांनी तीस वर्षे चौकटीच्या कागदावर हाताने नक्षी काढली आहे.

मला पाहताच काकांनी चष्मा वर केला. “जुनं कार्ड? आधीच्यानं का काढलं आसंल?”

“नवीन घेतलं म्हणून, काका.”

“आसं तू म्हंतीस.”

मित्रांनो, मी एकटा काही कामाचा नाही. संगणकाचे म्हणणे मला समजावून सांगणारा एक प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कीर्तीच्या संगणकात एक साधा, सर्वांना खुला असलेला ड्रायव्हर होता. त्याच्यावर मी चालायचो, पण रखडत. मोठी नक्षी उघडली की पडदा अडखळायचा. म्हणून तिने माझ्या कंपनीचा खास ड्रायव्हर उतरवून घेतला.

“आत काय लिवलंय ते कंपनी कुणाला दावत न्हाय, आन तरी घालतीस?” काकांनी विचारले.

“काम चांगलं करतो की.”

“गोड बोलणारा बी आधी कामच चांगलं करतो,” काका म्हणाले आणि निघून गेले.

तरीही ते आठ महिने सुखाचे गेले. नक्षी झरझर उघडायची, रंग स्वच्छ दिसायचे. कीर्ती महिन्यातून एकदा माझ्या पंख्यांवर बसलेली सुताची धूळ ब्रशने काढायची.

मग तो सोमवार आला. मंगळवारी हैदराबादचे व्यापारी नवी नक्षी पाहायला येणार होते. कीर्तीने बटण दाबले. पडद्यावर क्षणभर उजेड आला आणि मग नुसता काळोख. तिने पुन्हा सुरू केले. पुन्हा काळोख.

चन्नवीर मालक आत आले. खोलीचे दार सताड उघडे होते. बाहेर टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या शांतम्मांनी आपले मशीन थांबवले.

“शनिवारी तू दुसऱ्या कारखान्यातल्या बाईंशी फोनवर बोलत होतीस. मी ऐकलंय,” मालक म्हणाले. “नक्षी घेऊन तिकडं जायचंय म्हणून हे बंद पाडलंस व्हय?”

“मालक, ती माझी मावसबहीण हाय. तिच्या पोरीचं बारसं हाय.”

मालकांनी ऐकले नाही. तिच्या टेबलावरचा पेन ड्राइव्ह उचलून त्यांनी खिशात टाकला. सगळे बघत होते. कीर्तीचे कान लाल झाले.

मग बाजारातला एक दुरुस्तीवाला आला. त्याने पेटीचे झाकणही काढले नाही. “कार्ड जळालंय. नवीन आणतो,” तो म्हणाला. काकांनी मान डोलावली. त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते ना!

मित्रांनो, मी जिवंत होतो. माझ्यात वीज खेळत होती. पण ते सांगायला माझ्याजवळ पडद्याशिवाय दुसरे काही नव्हते, आणि तोच काळा पडला होता.

“पंखे फिरत्यात की,” कीर्ती म्हणाली. “जळालेलं कसं म्हंता?”

तिने पडद्याची वायर माझ्यातून काढली आणि संगणकाच्या स्वतःच्या जागेत खोचली. चित्र आले! म्हणजे संगणक ठीक होता. दुरुस्तीवाला हळूच पिशवी आवरू लागला.

संगणक आपण काय काय केले याची नोंद ठेवतो. कीर्तीने ती उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवले. शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नवा ड्रायव्हर बसला होता.

“मी पाचच्या बसनं गेलते,” ती म्हणाली. “सातला हितं कोण व्हतं?”

मालकांनी घसा खाकरला.

“मी होतो. मालाची यादी बघत होतो. ‘नवा ड्रायव्हर बसवू का?’ असं विचारणारी एक चौकट सारखी मधी येत होती. जावी म्हणून ‘होय’ दाबलं.”

सोमवारी संगणक सुरू होताच कामाला लागलेल्या त्या नव्या ड्रायव्हरने माझ्यासारख्या जुन्या कार्डांची ओळख सोडून दिली होती. कीर्तीने तो काढला आणि मला ओळखणारा आधीचा ड्रायव्हर बसवला. मग पडद्याची वायर पुन्हा माझ्यात खोचली. पडदा उजळला, पण अक्षरे विटेएवढी दिसू लागली. कंपनीचा ड्रायव्हर नसल्याचे पाहून तो खुला ड्रायव्हर पुढे सरसावला होता, आणि आता दोघेही माझा ताबा घेऊ पाहत होते. तिने त्याला बाजूला बसवले आणि संगणक पुन्हा सुरू केला. चाफ्याच्या किनारीची नक्षी पुऱ्या रंगात उभी राहिली. आता विचारल्याशिवाय हा ड्रायव्हर बदलायचा नाही, अशी ताकीदही तिने संगणकाला देऊन ठेवली.

संध्याकाळी नक्षी पुरी झाली. मालक आत आले, दार लोटून घेतले आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“चुकलं माझं. मनावर घेऊ नको.”

कीर्ती पडद्याकडेच पाहत होती. “दार उघडून म्हणा की, मालक. सकाळी उघडंच व्हतं.”

मला वाटले, आता ते रागावतील आणि ही उद्यापासून येणार नाही. पण त्यांनी दार उघडले, जवळचे दोन माग थांबवायला सांगितले आणि मोठ्याने म्हणाले, “संगणक माझ्या हातनं बिघडला. कीर्तीवर मी खोटा आळ घेतला.” शांतम्मांनी मान हलवली आणि पुन्हा शिवायला घेतले. काका मात्र अजूनही माझ्याकडे तिरकेच बघतात.

मित्रांनो, माझ्या पंख्यांवर धूळ साचू देऊ नका. पडद्यावर चौकट आली, तर वाचूनच ‘होय’ म्हणा. कुणाची शंका आली, तर आधी नोंद पाहा. आणि ती खोटी निघाली, तर ज्यांच्यासमोर घेतली त्यांच्यासमोरच मागे घ्या. मालकांना ते फार जड गेले, हे मी काचेआडून पाहिले आहे. पण मंगळवारी सकाळी कीर्ती नेहमीच्या बसने कामावर आली.